थांबायला शिकवलंत, सर

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात अमोनिया सुटला. अग्निशमन गाडीवर प्रमुख मीच होतो. तुमचं प्रशिक्षण झालं नसतं तर मी गाडी थेट फाटकात नेली असती. आमचे पाय आतच धावतात, सर.

त्या दिवशी आधी गाडीला बांधलेली कापडाची पट्टी बघितली आणि वळसा घालून वारा पाठीशी घेतला. कामगार बाहेर आलेत का ते मोजून घेतलं. मग ऑपरेटरला विचारलं, टाकीत माल किती, व्हॉल्व्ह कुठला? दर १४ एप्रिलला आम्ही शहीद अग्निशमन जवानांना मानवंदना देतो. पण १९४४ साली मुंबईच्या गोदीत आपले ६६ जवान गेले, त्या जहाजात कापसाच्या गाठींबरोबर दारूगोळा भरला होता, हे सांगताना तुमचा आवाज जड झाला होता. तेव्हापासून पाइप उलगडायच्या आधी ‘आत काय आहे?’ हेच तोंडात येतं.

गॅस आत न शिरू देणारे सूट आमच्याकडे नाहीत. शेजारच्या औद्योगिक वसाहतीतून ते यायला चाळीस मिनिटं लागली. लोक ओरडत होते, “बघत काय बसलाय?” फार जड गेली ती चाळीस मिनिटं. बीए सेट, म्हणजे पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरचे मास्क होते, आगीचे कोट होते. पण अमोनिया घामेजलेल्या अंगाला धरतो, काखेत, मानेशी भाजतो, हे तुम्ही बजावलं होतं. मी कोणाला आत सोडलं नाही. तेवढ्यात वाऱ्याखालची घरं रिकामी केली, फवाऱ्याचा पडदा धरला, सांडलेल्या द्रवावर मात्र पाणी पडू दिलं नाही. सूट आल्यावर दोघे आत, दोघे बाहेर तयारीत. व्हॉल्व्ह बंद झाला.

बाहेर येताच आमच्या पोराचा हात मास्कच्या पट्ट्याकडे गेला. मी ओरडलो, “गुलाल!”

आठवतं ना सर? सरावाला तुम्ही अमोनियाच्या जागी आमच्या सूटवर गुलाल फासला होता. धुऊन झाल्यावर कॉलरखाली आणि हातमोज्याच्या दुमडीत तो तसाच होता. मास्क शेवटी, हे तेव्हा डोळ्यांना पटलं.

त्याने हात खाली घेतला. आम्ही त्याला डोक्यापासून बुटांपर्यंत धुतलं, मगच मास्क निघाला. संध्याकाळी तो घरी जेवायला गेला.

त्याच्या आईच्या वतीनेही तुमचे आभार मानतो. पुढच्या महिन्यात नवी मुलं भरती होतायत. गुलाल आणून ठेवलाय, तुम्ही याच.

आपला विद्यार्थी,
एक अग्निशामक