डॉक्टर, आपण आधी परवानगी विचारलीत

आदरणीय डॉक्टरसाहेब,
सप्रेम नमस्कार.

जखम पूर्ण भरली असून आता पुन्हा येण्याची गरज नाही, असे आपण शेवटच्या तपासणीत सांगितलेत, तेव्हा मी नुसते हात जोडून बाहेर पडलो. बाहेर रांग मोठी होती आणि मनात जे दाटून आले होते ते उभ्या उभ्या बोलता येण्यासारखे नव्हते. म्हणून हे पत्र. ते उघडपणे लिहितो आहे, कारण शिश्नाच्या टोकावरची कातडी घट्ट होऊन मागे सरकेनाशी झाली, तर आपल्याकडचा पुरुष वर्षानुवर्षे सोसत राहतो, पण बायकोजवळसुद्धा त्याचा उच्चार करत नाही.

आपल्याकडे येण्यापूर्वी मी ज्यांच्याकडे गेलो त्यांच्यापैकी एकाने मला तपासलेच नाही. टेबलापलीकडूनच दर वेळी बुरशीवरचे तेच मलम लिहून मिळे. ते लावले की चिरा भरत, थांबवले की पुन्हा पडत, आणि हे वारंवार का होते आहे हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. दुसऱ्या एका ठिकाणी, जिथे भिंतीभर गुप्तरोगांच्या पाट्या लावलेल्या होत्या, संसार मोडेल अशी भीती घालून स्टेपलरने कातडी काढण्याच्या पॅकेजचे पैसे त्याच दिवशी भरायला सांगितले गेले. तपासणी चालू असताना तिथले दार सताड उघडे होते आणि पुढचा रुग्ण आत येऊन उभा राहिला होता. त्यानंतर बराच काळ मी कोणाकडेही गेलो नाही. त्या उघड्या दाराचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

आपल्या ओपीडीत गर्दी काही कमी नव्हती. टेबलाभोवती माणसे केस पेपर पुढे करून उभी होती आणि माझ्या कागदावर मी ‘लघवीला त्रास’ एवढेच लिहून घेतले होते. आपण तो वाचलात, एकवार माझ्याकडे पाहिलेत आणि सगळ्यांना बाहेर थांबायला सांगितलेत. शिपाई जवळच होता, तरी दार आपण स्वतः उठून लावलेत, पडदा ओढलात, हातमोजे चढवलेत आणि विचारलेत, ‘तपासू का? कातडी आपोआप जाते तिथपर्यंतच पाहीन. दुखले तर सांगा, लगेच थांबतो.’ साहेब, आपल्या लेखी हे रोजचे असेल. माझ्या लेखी उपचाराला सुरुवात तिथेच झाली, कारण त्या प्रश्नानंतर जे कोणालाच सांगितले नव्हते ते सगळे मी आपल्याला सांगू शकलो: संबंधाच्या वेळी पडणाऱ्या चिरा, लघवी करताना फुगणारी कातडी, आणि आत कॅन्सर तर नसेल ना ही रात्री झोपू न देणारी शंका.

आपण त्याच वेळी बोटाला सुई टोचून साखर पाहिलीत आणि ती भलतीच वाढलेली निघाली. रक्तातली साखर फार वाढली की ती लघवीतून उतरते, कातडीखालच्या ओलाव्यात बुरशीला पोसते, चिरा पडतात, चिरा भरताना व्रण धरतो आणि प्रत्येक व्रणागणिक कातडीचे तोंड आणखी आवळते, हे आपण इतके सरळ समजावलेत की इतके दिवस हे कोणी का सांगितले नाही, याचेच नवल वाटले. फिजिशियनसाठी दिलेल्या चिठ्ठीतही आपण आठवणीने लिहिलेत की मधुमेहावरच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साखर लघवीवाटेच बाहेर टाकतात, तेव्हा या रुग्णाला त्या देताना विचार व्हावा.

केस पेपरच्या पाठीमागे आपण काढलेली ती आकृती मी जपून ठेवली आहे. प्रत्येक घट्ट कातडी कापावीच लागते असे नाही, हे मला तिने शिकवले. बीटामेथासोनसारखे स्टेरॉइडचे मलम आवळलेल्या कड्यावर दिवसातून दोनदा, साधारण 4 ते 8 आठवडे लावून, सोबत दुखणार नाही इतपतच हलका ताण देत गेल्यास अनेकांचे काम तेवढ्यावरच भागते. मात्र कातडी पांढरी आणि कडक झाली असेल, म्हणजे लायकेन स्क्लेरोसस या त्वचारोगाचा संशय असेल, तर मलम पुरेलच असे नसते. शस्त्रक्रियेतही दोन वाटा आहेत: कातडी राखून फक्त अरुंद भाग सैल करायचा, ज्यात ती पुन्हा आवळण्याची शक्यता उरते, किंवा सुंता करायची. शिवाय कातडी जोर लावून मागे नेली आणि ती तिथेच अडकली, तर रबरबँडसारखी आवळून टोक सुजवते आणि तेव्हा सकाळची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठायचे असते, हा इशारा आपण दोनदा दिलात.

मलमाने मला उतार पडला, पण कडे सुटले नाही. सुंतेचा विषय निघाला तेव्हा घरात काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. आपल्यात हे करत नाहीत, असे म्हणत आईने जेवण सोडले होते. आपण पत्नीला बोलावून, तिच्या प्रत्येक प्रश्नाला बसून उत्तर दिलेत. हा व्रण धरलेल्या कातडीवरचा उपचार आहे, त्यात धर्माचा काही संबंध येत नाही, हे तिने घरी जाऊन आईला ज्या ठामपणे सांगितले तो ठामपणा आपला होता. शस्त्रक्रियेबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. जागेवरची भूल, त्याच दिवशी घर, आपोआप विरघळणारे टाके. काढलेली कातडी मात्र मी न सांगताही आपण तपासणीला पाठवलीत आणि कॅन्सर नाही हा अहवाल स्वतः वाचून दाखवलात. त्या रात्री मी खरोखर झोपलो.

माणसाची लाज राखण्याला यंत्र लागत नाही की निधी लागत नाही, आणि तरीही ती किती थोड्या ठिकाणी राखली जाते! जिथे ती राखली जाते तिथे दुखणे वेळेवर बाहेर येते, एवढे मी आता कोणालाही छातीठोकपणे सांगेन. माझ्या लहान मुलाबद्दल मी घाबरत विचारले होते, त्यावर आपण म्हणालात की या वयात कातडी चिकटलेली असणे स्वाभाविक आहे, ती वाढत्या वयाबरोबर सुटते, कोणी ओढू नये. हे मी आमच्या नात्यातल्या सगळ्या तरुण आईबापांना सांगितले आहे.

एक विनंती आहे. माझ्या धाकट्या चुलतभावालाही हाच त्रास असावा. त्याला पुढच्या आठवड्यात आपल्याकडे पाठवतो आहे. तोही कागदावर दुसरेच काहीतरी लिहून घेईल आणि बोलायला वेळ लावील. त्याची साखरही पाहावी.

आपला कृतज्ञ,
एक रुग्ण