सुडाच्या गोष्टी पुष्कळ झाल्या, वारणेचा तह कोण लिहिणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

किशोरांसाठीच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. वारणाकाठच्या एका गावात मी मुलांचं वाचनालय चालवते. सातवी-आठवीची मुलं अशा पुस्तकांवर तुटून पडतात. संताजी घोरपड्यांनी अमृतराव निंबाळकरांना हत्तीच्या पायी दिलं आणि १६९७ मध्ये अमृतरावांचे मेहुणे नागोजी माने यांनी संताजींचा जीव घेतला, हे त्यांना तोंडपाठ असतं. सुडाची गोष्ट मुलांना लगेच कळते, त्यात गैर काही नाही. पण आमच्या कपाटात संभाजी महाराजांचे पुत्र, साताऱ्याचे छत्रपती शाहू महाराज यांच्यावर एकही किशोर कादंबरी नाही, याची मला खंत आहे.

१६८९ मध्ये वडिलांची हत्या झाली, त्याच वर्षी रायगड पडला आणि सात वर्षांचं हे पोर आईसह मोगलांच्या छावणीत गेलं. सुटका थेट १७०७ मध्ये. परतावं, तर काकू ताराबाईंनी फौज पाठवलेली. खेडची लढाई जिंकल्यावर साताऱ्याची गादी मिळाली. पुढे चुलतभाऊ, कोल्हापूरचे संभाजीराजे, निजामाला जाऊन मिळाले. १७३० मध्ये वारणाकाठी त्यांचा पराभव झाला आणि त्यांची आई राजसबाई, राणी जिजाबाई व ताराबाई, तिघीही शाहूंच्या हाती लागल्या. हिशेब चुकते करायची हीच वेळ होती. शाहूंनी राजसबाई आणि जिजाबाईंना मानानं पन्हाळ्याला पोचवलं. ताराबाई मात्र परत गेल्या नाहीत. त्याच पन्हाळ्यावर सवत राजसबाईंच्या बाजूनं त्यांना १७१४ पासून कोंडून ठेवलं होतं, मुलगाही कैदेतच वारला होता. ज्या पुतण्याशी लढल्या, त्याच्याच साताऱ्यात राहणं त्यांनी पसंत केलं. त्या दोघांची पहिली भेट कशी झाली असेल? कादंबरीकाराला आणखी काय हवं?

लेखकांना एकच विनंती, शाहूंना साधुसंत करू नका. त्यांनी आधी रणात हरवलं, मग माफ केलं. १७३१ च्या तहात वारणा ही हद्द ठरली. ताराबाईंचं मनही कायमचं निवळलं नाही. शाहूंच्या मृत्यूनंतर १७५० मध्ये त्यांनी नव्या छत्रपतींना, रामराजांना, साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं. तेही लिहा, मुलांना ते पेलतं. हे सगळं सांगितल्यावर आमच्याकडच्या एका मुलीनं विचारलं, "मग माफ करून उपयोग काय झाला?" मी म्हटलं, त्यानंतर शाहू आणि संभाजी पुन्हा एकमेकांवर चालून गेले नाहीत. तिचं तेवढ्यानं समाधान झालं नाही आणि ते मला आवडलं. अशा मुलीच्या हाती द्यायला पुस्तक हवं.

वारणा आजही सांगली-कोल्हापूर जिल्ह्यांची हद्द आहे. पुस्तकात तिचा नकाशा द्यावा, अक्षर मोठं असावं, किंमत शंभराच्या आत ठेवावी. कोणी प्रकाशक पुढे आला, तर पहिल्या पंचवीस प्रती आमचं वाचनालय घेईल.

आपली,
एक वाचनालय चालक, वाळवा तालुका, जि. सांगली