आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : पत्रकातलं ते एक वाक्य बदला

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

माझ्या धाकट्या बहिणीने नैराश्यावरच्या गोळ्या अकराव्या दिवशी बंद केल्या. 'मेंदूत सेरोटोनिन हे रसायन कमी पडतं, गोळीने ते भरून निघतं,' एवढंच तिला सांगितलं होतं. दहा दिवस झाले तरी सकाळी अंथरुणातून उठवेना. मग तिने ठरवूनच टाकलं, गोळी चांगली आहे, खोट माझ्यातच आहे.

जनजागृतीच्या पत्रकांतही हेच वाक्य असतं. ते बदलावं, यासाठी हे पत्र.

१९५० च्या दशकात क्षयरोगावरच्या इप्रोनियाझिडने काही रुग्णांची मरगळ गेलेली दिसली. सेरोटोनिनसारखी रसायनं मोडणारं विकर (एन्झाइम) ते औषध रोखतं, म्हणून तुटवड्याची कल्पना रुजली. पण आजच्या गोळ्यांनी चेतापेशींमधल्या फटीत सेरोटोनिन काही तासांतच वाढतं, आणि माणसाला बरं वाटायला बहुधा दोन ते सहा आठवडे जातात. नुसता तुटवडा असता तर इतकी वाट का पाहावी लागली असती? २०२२ साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यातही सेरोटोनिन कमी झाल्याने नैराश्य येतं याचा ठोस पुरावा मिळाला नाही.

म्हणून 'हे सगळे मनाचे खेळ' म्हणणाऱ्यांना बळ मिळू नये, महोदय. नैराश्य पुन्हा पुन्हा आलेल्यांत हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग सरासरीने थोडा लहान आढळतो. आठवणी साठवणं आणि ताणाच्या संप्रेरकांना आवर घालणं, दोन्ही कामं त्याची. हेपटायटिस सी या यकृताच्या आजारासाठी इंटरफेरॉन हे प्रतिकारशक्ती चेतवणारं औषध घेणाऱ्या कित्येकांना त्या उपचारानेच नैराश्य येई. शरीरातला दाह मनापर्यंत पोहोचतो, याचा याहून थेट दाखला मला माहीत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ३७ टक्के निघाला, तोही असंख्य जनुकांत विखुरलेला. गोळ्यांमुळे चेतापेशींच्या जोडण्या हळूहळू बदलत असाव्यात, असं आज अनेक संशोधक मानतात. त्याला वेळ लागणारच.

पत्रकात एवढंच लिहा : 'पहिले काही आठवडे कदाचित फरक जाणवणार नाही. त्रास झाला तर डॉक्टरांना लगेच सांगा, पण त्यांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका.' आणि उपचार सुरू झालेल्या प्रत्येकाला दुसऱ्या आठवड्यात आरोग्यसेविकेचा एक फोन जाऊ द्या. माझ्या बहिणीला तो अकराव्या दिवसाआधी हवा होता.

तिने आता पुन्हा उपचार सुरू केले आहेत. या वेळी डॉक्टरांनी तिला सहा आठवड्यांची कल्पना आधीच दिली आहे. आज तिसरा आठवडा आहे.

आपली,
एक बहीण