पार्लर बंद आहे तोवर

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

भांगात पांढरी रेघ, पसरलेल्या भुवया, केसांच्या टोकांना फाटे, अर्धवट सुटलेलं जेल नेलपॉलिश अशी भली मोठी यादी कळवलीस आणि रविवारी सगळं उरकते म्हणालीस. उरकू नकोस. यातली निम्मी कामं एकाच दिवशी करायची नसतात. शिवाय घरी करायचं ते आहे तेवढं राखायचं काम. नवा कट, हायलाइट्स, केस सरळ करणं यातलं काहीही नको. फसलं तर पिनेनं किंवा ओढणीनं झाकता येईल तेवढंच हातात घे.

आधी रंगाचं सांगते, कारण निस्तरायला तोच सगळ्यात अवघड. खोकं घरात आलं की पहिलं काम पॅच टेस्टचं. काळ्या-तपकिरी पक्क्या रंगांत बहुतेक वेळा पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याची ॲलर्जी आधी कधी त्रास न झालेल्यालाही अचानक होऊ शकते, म्हणून मागच्या वेळी काही झालं नाही हे कारण चालणार नाही. खोक्यातल्या पत्रकात लिहिलंय तसा थोडा रंग कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लाव आणि ४८ तास वाट बघ. खाज, लाली, पुरळ, काहीही उठलं तर तो रंग डोक्याला लावायचा नाही. काळी मेंदी म्हणून मिळते तिच्यातही अनेकदा हेच रसायन असतं, त्यामुळे ती सुरक्षित समजू नकोस. आणि डोक्याचा रंग भुवया-पापण्यांना अजिबात नाही.

दोन शेडमध्ये अडलीस तर फिकी घे. फिक्यावर पुढे गडद करता येतं, पण गडद झालेले केस दुसरा रंग लावून उजळत नाहीत. सोबतचं डेव्हलपर, म्हणजे रंगात कालवायचं ते, हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. पांढरे झाकायला ६ टक्क्यांचं, म्हणजे २० व्हॉल्यूमचं, पुरतं. ९ किंवा १२ टक्क्यांचं घेतल्यानं पांढरे जास्त झाकले जात नाहीत, उलट मुळाशी केस तांबूस उजळतात आणि टाळू चुरचुरते.

केस आदल्या दिवशी धुतलेले असले तर बरं. टाळूवर थोडं तेलकटपण राहिलं की चुरचुर कमी होते. कपाळाच्या कडेला आणि कानांवर पेट्रोलियम जेलीचा हात फिरव, पण ती केसांवर चढू देऊ नकोस, तिथे रंग धरत नाही. हातात मोजे, भांडं प्लॅस्टिकचं किंवा काचेचं; धातूचं नको. रंग आणि डेव्हलपर अंदाजानं ओतायचे नाहीत, पत्रकातल्या प्रमाणात काट्यावर मोजायचे. नुसती मुळं करायची तर पूर्ण ट्यूब कालवू नकोस, दीड-दोन सेंटिमीटर वाढीला साधारण अर्धी पुरते. कालवलेलं उरलं तर टाकून दे. बाटलीत बंद करून ठेवलंस तर आत वायू साठून ती फुटू शकते.

केसांचे चार भाग कर, आणि प्रत्येक भागात अर्ध्या सेंटिमीटरच्या पातळ थरांनी ब्रश चालव. जाड बट घेतली की वरचे केस रंगतात आणि आतले पांढरेच राहतात. जिथे पांढरे हट्टी असतात तिथून, म्हणजे बहुधा कानशिलांपासून, सुरुवात कर. रंग फक्त नव्या वाढीवर लावायचा. दर वेळी तो जुन्या रंगावर ओढत नेला की मध्ये गडद पट्टा पडतो आणि टोकं काळीठिक्कर, कोरडी होतात. शेवटची बट लावून झाली की तिथून वेळ मोजायला लाग. पत्रकात साधारण ३० ते ३५ मिनिटं असतात. दहा मिनिटांतच तो डोक्यावर गडद दिसायला लागतो आणि घाबरून लोक धुऊन टाकतात. तो दिसतो वरवरचा. केसाच्या आत रंग तयार व्हायला पूर्ण वेळ लागतो, आणि मधेच धुतला तर आठवड्याभरात पांढरे डोकावतात. धुण्याआधी थोडं कोमट पाणी घालून मिनिटभर चोळ, मग पाणी स्वच्छ येईपर्यंत धू.

टोकं कापायला केस कापायचीच कात्री हवी. कागद किंवा पाकिटं कापायच्या कात्रीनं केस चेपतो, आणि चेपलेल्या टोकाला पुन्हा फाटा फुटतो. पाठीवरच्या सरळ केसांसाठी सगळे केस विंचरून मानेवर मधोमध बांध, डोकं सरळ ठेव, दुसरं रबर टोकापासून दोन सेंटिमीटरवर आण आणि त्याखालचं काप. कड हलकी गोलाकार येते, ती चांगलीच दिसते. दोन सेंटिमीटरच का? केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे चुकलं तरी दोन महिन्यांत भरून येतं. कपाळावरच्या बटा मात्र कोरड्याच काप. ओला केस ताणला जातो, सुकला की वर चढतो आणि भुवईपर्यंत हवी असलेली बट कपाळाच्या मध्यावर जाऊन बसते. कात्री आडवी न धरता उभी धर, टोकानं थोडं थोडं टिप. कुरळ्या केसांनाही हाच नियम.

भुवयांना स्वतःच दोरा लावायच्या फंदात पडू नकोस. दोन्ही हात दोऱ्यात गुंतले की कातडी ताणायला हात उरत नाही, आणि ढिल्या कातडीला चिरा पडतात. चिमटा पुरे. नाकपुडीच्या कडेपासून सरळ वर पेन्सिल धर, तिथे भुवई सुरू होते. नाकपुडीपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून तिरकी धर, तिथे संपते. हवा तो आकार पांढऱ्या पेन्सिलीनं आखून घे आणि रेषेबाहेरचेच केस उपट, वाढीच्या दिशेनं. दोन इकडचे काढले की दोन तिकडचे. खिडकीजवळ उजेडात, साध्या आरशात बघ. मोठं दाखवणाऱ्या आरशात प्रत्येक केस नको असलेला वाटतो.

वॅक्ससाठी केस ५-६ मिलिमीटर वाढू दे. त्याहून आखूड असले की पकडीत येत नाहीत, तुटतात आणि पुढे कातडीखाली वळतात. मनगटाच्या आतल्या बाजूला चटका बसत नाही ना ते बघून मगच लाव. लावायचं वाढीच्या दिशेनं, पट्टी ओढायची उलट दिशेनं, कातडीला समांतर. वर उचलून ओढलीस तर काळंनिळं होतं. एकाच जागेवर परत परत नको. रेटिनॉलचं क्रीम लावतेस ना? मग आठवडाभर ते बंद ठेवल्याशिवाय चेहऱ्यावर वॅक्स नाही, नाहीतर पट्टीसोबत सालपट निघेल. ओठांवरची लव छोट्या रेझरनं काढलीस तरी चालेल. रेझरनं केस दाट येत नाहीत, टोक बोथट कापलं गेल्यामुळे फक्त खरखरीत लागतात.

जेल नेलपॉलिश खरवडू नकोस, त्यासोबत नखाचा थर निघतो. वरची चकाकी कानशीनं घास, ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून फॉइलनं गुंडाळ, १०-१५ मिनिटांनी सुटलेलं हलकेच सरकव. खिडकी उघडी आणि गॅस बंद; ॲसिटोन चटकन पेट घेतं. पायाची नखं सरळ काप, कोपरे गोल करत आत शिरू नकोस.

चेहऱ्याला लिंबू आणि खायचा सोडा, दोन्ही नको. त्वचा किंचित आम्लधर्मी असते. लिंबू त्याहून फार आम्ल, सोडा उलट्या बाजूला. चेहऱ्याला फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन एवढं पुरे.

तेव्हा क्रम असा लाव: आज रात्री पॅच टेस्ट, उद्या भुवया, परवा रात्री टेस्टची जागा बघून मग रंग. वॅक्स त्याच्या पुढच्या आठवड्यात. कालवण्याआधी खोक्यावरचा शेडचा नंबर आणि डेव्हलपरची टक्केवारी दिसेल असा फोटो मला पाठव.

तुझी,
आई