डोना समर गाणी लिहायचीही

डिस्कोचा विषय निघाला की अमेरिकन गायिका डोना समरला लोक 'डिस्कोची राणी' म्हणून मोकळे होतात. ती गीतकारही होती, हे राहूनच जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. बोस्टनच्या चर्चमध्ये गाणारी ही मुलगी १९६८ मध्ये 'हेअर' या संगीत नाटकासाठी म्युनिकला गेली. तिथेच पुढे तिला संगीतनिर्माते जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट भेटले. तिघांनी लिहिलेले 'आय फील लव्ह' (१९७७) हेडफोन लावून ऐका. डाव्या कानात सिंथेसायझरचा ठेका, उजव्या कानात तोच कणभर उशिरा, आणि मधोमध तिचा तरंगता आवाज!

पुढे लॉस एंजेलिसमधल्या एका रेस्तराँच्या स्वच्छतागृहात थकून डुलकी लागलेली कर्मचारी बाई तिला दिसली. त्यातून 'शी वर्क्स हार्ड फॉर द मनी' (१९८३) सुचले. अल्बमच्या मागच्या बाजूच्या छायाचित्रात तिने त्या बाईंनाही सोबत घेतले. किती कलावंत असे आठवणीने करतात?

२०१२ मध्ये ती गेली. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिला स्थान मिळाले ते २०१३ मध्ये. हा मान तिच्या हयातीतच मिळायला हवा होता.

– एक वाचक, नाशिक