पामटॉप घेताना आधी बॅटरी पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

फिरतीवरच्या प्रतिनिधींना वहीऐवजी पामटॉप, म्हणजे तळहातावर मावणारा छोटा संगणक, देण्याकडे नागपुरातल्या कार्यालयांचा कल वाढतो आहे. चौकशी मात्र पडदा रंगीत आहे का आणि मेमरी किती, एवढ्यावरच संपते. यवतमाळ-गडचिरोलीकडे फिरणाऱ्या माणसासाठी पहिला प्रश्न बॅटरीचा हवा. या यंत्रांत नोंदी रॅममध्ये, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीत, राहतात. वीज पूर्ण संपली की ग्राहकांची यादी, ऑर्डरी, भेटींच्या तारखा सगळे पुसले जाते आणि चार्ज केल्यावर यंत्र कोरे उघडते.

पाम एम १०५ या पामटॉपला ट्रिपल-ए मापाचे दोन बारीक सेल लागतात. साध्या वापरात ते काही आठवडे पुरतात. बदलताना नवे सेल आधी हाताशी ठेवावेत, कारण जुने काढल्यावर नोंदी जेमतेम मिनिटभर टिकतात. पैसे वाचवायला चार्ज होणारे सेल घालणाऱ्यांनी पडद्यावरच्या बॅटरीच्या खुणेवर विसंबू नये. त्या सेलचा दाब १.२ व्होल्टच्या आसपास बराच वेळ स्थिर राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. इशारा मिळेपर्यंत उशीर झालेला असतो. अल्कलाइनच बरे.

कॉम्पॅक कंपनीच्या आयपॅक या पामटॉपची बॅटरी आत बसवलेली, त्यामुळे दिवसभराच्या कामानंतर रोज चार्जिंग आलेच. मुक्कामाच्या गावी रात्रभर भारनियमन असले, की दुसऱ्या दिवशी दुपारी पंचाईत. तरीही वर्ड-एक्सेलच्या फायली हातात लागतच असतील तर आयपॅकच घ्यावा. पामवर त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागते. अशा वेळी आयपॅकचे ३८५० हे मॉडेल घ्यावे. त्यात एसडी कार्डाची खाच आहे, रोज संध्याकाळी कार्डावर बॅकअप घेता येतो. ३६३० या मॉडेलला कार्डासाठी वेगळे जाकीट (यंत्रावर चढवायचे खाचेचे आवरण) विकत घ्यावे लागते. वर्डची फाइल यंत्रावर नेताना तिची मांडणी बिघडू शकते, म्हणून मूळ प्रत कार्यालयातच जपावी आणि यंत्रावरची प्रत तिच्यावर चढवू नये.

आपल्याकडचा उन्हाळाही हिशेबात धरायला हवा. आयपॅकसाठी कंपनीने ४० अंशांची मर्यादा सांगितली आहे, आणि मे महिन्यात नागपूरचा पारा सावलीतच ४५ च्या पुढे जातो. स्कूटरची डिकी किंवा बंद गाडी तर भट्टीच. जास्त तापला की पडदा काळवंडतो. तो थंड झाल्यावर सहसा पूर्ववत होतो, पण उष्णतेने लिथियम बॅटरीची घटलेली क्षमता परत येत नाही. यंत्र गरम असताना चार्जिंगला लावू नये.

खरेदीपूर्वी कार्यालयातला संगणकही तपासावा. एम १०५ सिरियल पोर्टला, म्हणजे यूएसबीहून वेगळ्या प्रकारच्या जोडणीच्या खाचेला, जोडतात. कॉम १ या पहिल्या सिरियल पोर्टवर माउस असेल तर जोडणीच्या सेटिंगमध्ये कॉम २, म्हणजे दुसरा, निवडावा. आयपॅकचा स्टँड यूएसबीचा आहे आणि संगणकावर विंडोज एनटी ४ ही प्रणाली असेल तर तिला यूएसबी कळत नाही. तिथे सिरियल केबल वेगळी घ्यावी लागेल.

देवनागरी यांपैकी एकातही नाही. नावे रोमन लिपीत भरायची असल्याने कार्यालयाने स्पेलिंगची एकच यादी ठरवून सर्वांना द्यावी. एकाने ‘वाघ’ एका ‘ए’ने लिहिला आणि दुसऱ्याने दोन ‘ए’ने, तर शोध घेताना तो सापडणार नाही आणि यादीत एकच दुकानदार दोनदा येईल.

– औषध वितरण व्यवसायातील एक वाचक,
गांधीबाग, नागपूर
एप्रिल २००२