उद्यमनगरच्या मिस्त्रीमामांना, गाडी चालू झाल्यावर

मिस्त्रीमामा, नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही ते माहितीये. पण कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्यांचं कधी तुमच्या लेथवर काम झालंय त्यांना दोन ओळी वाचूनच कळंल कुणाबद्दल आहे ते. समोर बसून आभार मानायचा तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा तुम्ही "बरं बरं" म्हणून लेथ चालू केला, म्हणून शेवटी लिहायला घेतलं. मुलाला सांगा मोठ्यानं वाचून दाखवायला.

मंगळवारी सकाळी सव्वासहाला आमची पुरात बुडालेली पिकअप गाडी चालू झाली. फोन केला होता पण फोनवर मला धड बोलताच आलं नाही, म्हणून आता नीट सांगते. हीटर दिला (गार डिझेल इंजिन आधी आतनं तापवायचं ते), सेल्फ मारला, पहिल्यांदा नुसतीच फिरली, मग तुम्ही सांगितलं होतं तसं नोझलच्या, म्हणजे डिझेलच्या, पाइपा परत ढिल्या करून बुडबुडे पूर्ण बंद होईपर्यंत आत अडकलेली हवा काढली आणि दुसऱ्या सेल्फला धरलं बघा. पांढरा धूर एवढा की शेजारच्या काकू बाहेर आल्या, मग दोन-तीन मिनिटांत धूर विरळ झाला आणि चारी सिलिंडरचा एकसारखा आवाज यायला लागला. बाबा दारात चहा घेऊन उभे होते. त्यांनी कप पायरीवर ठेवला, आले, बॉनेटवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले, बोलले काहीच नाहीत.

बाकी वाचणाऱ्यांना माहीत नसंल म्हणून सांगते. गाडी म्हणजे आमची टाटामोबाइल २०६, १९९६ ची. चिखलीत आमचं गुऱ्हाळ आहे, त्या गुऱ्हाळाचा गूळ शाहू मार्केट यार्डात नेणारी हीच, माझी शाळेची पहिली सायकलसुद्धा हिच्याच हौद्यातून घरी आली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आणि पाणी गेलं ५५ च्या वर, आम्ही माणसं आणि म्हशी बाहेर काढल्या, गाडी काढता आली नाही. आठ दिवस ती पाण्यात होती. पाणी उतरल्यावर एका गॅरेजवाल्यानं बघायचे पैसे घेतले, हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, खोललं, आणि चार महिने तसंच उघडं टाकलं, चारी बोअर (पिस्टन वरखाली होतो त्या नळ्या) गंजले. मग म्हणाला भंगारात घाला. २०२१ च्या पुराआधी ट्रॅक्टरनं ओढून वर सोनतळीला, आमच्या आताच्या घरी, आणली म्हणून निदान दुसऱ्यांदा बुडाली नाही. बाबांनी तिच्यावर ताडपत्री टाकली आणि त्या बाजूला बघायचंच सोडून दिलं.

मी तुमच्याकडं आले ते फक्त एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणारा भाग, घेऊन, पिशवीत गुंडाळून. त्याला वीतभर चीर होती आणि आधी दोघांनी वेल्डिंग करून दिलं होतं, दोन्ही वेळा वेल्डिंगच्या कडेनंच परत फुटला होता. तुम्ही तो हातात घेतला, बोटानं टिचकी मारून आवाज ऐकला आणि विचारलं, "गुऱ्हाळ अजून चालू हाय का तुमचं?" मला वाटलं सहज चौकशी करताय, मी हो म्हटलं. तुम्ही म्हणालासा, "मग उद्या येताना चुलवाणाची राख आण, दोन घमेली, चाळून."

ते राखेचं काम मी आयुष्यभर विसरणार नाही. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक मारून घेतलं म्हणजे चीर पुढं पळणार नाही, मग ग्राइंडरनं व्ही आकाराची खाच केली, गॅसनं सगळा मॅनिफोल्ड सावकाश तापवला, आणि निकेलच्या रॉडनं एका वेळी इंचभरच वेल्डिंग, लगेच हातोडीनं हलके ठोके, थांबायचं, मग पुढचा इंच. संपल्यावर गरम गरम राखेत पुरून ठेवला आणि म्हणालासा उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. का ते पण सांगितलंत, बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, कार्बन जास्त असतो, झटक्यात गार झालं की ती जागा काचेसारखी कडक होते आणि कडेनं तडकते, आधीच्या दोघांनी रॉड चांगला वापरला असंल पण गार करायची घाई केली. आमच्याच चुलवाणाची राख, चिपाड जाळून झालेली, लहानपणापासून बघतोय, ती आम्ही शेतात टाकायचो. सकाळी उकरून काढला तेव्हा मॅनिफोल्ड अजून कोमट होता.

तिथंच तुम्हाला काम करून पैसे घेऊन मला घालवता आलं असतं. पण तुम्ही विचारलं इंजिन कोण बांधणार, मी म्हटलं मीच, घरी, आणि तुम्ही हसला नाहीत. इतकी माणसं हसली होती मामा.

जाम झालेल्या पिस्टनवर डिझेल आणि ऑइल ओतून दहा दिवस थांब म्हणालासा, मी चौथ्याच दिवशी फोन केला हातोडा मारू का म्हणून, तेव्हा जे बोलणं खाल्लं ते योग्यच होतं. नवव्या दिवशी लाकडाच्या ठोकळ्यानं हलला. क्रँकचं (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचं) माप मी व्हर्नियरनं घेऊन आले तर "व्हर्नियर ठेव पिशवीत" म्हणून तुमचं स्वतःचं मायक्रोमीटर काढून दिलंत आणि प्रत्येक जर्नल (बेअरिंग बसतं तो गोल भाग) आडवं उभं दोन्हीकडून मोजायला लावलं. दोन ठिकाणी झिजून लंबगोल झालेलं निघालं. ग्राइंडिंग करून ०.२५ मिमी कमी मापाची बेअरिंग घातली, नाहीतर मी जुन्याच मापाची आणणार होते आणि महिन्यात ठोका आला असता. आणि सामान मिळंना म्हणून मी रडकुंडीला आले तेव्हा तुम्हीच सांगितलं की हेच १९४८ सीसीचं इंजिन सिएराला, इस्टेटला, जुन्या सुमोला पण होतं, सुमोचं सामान माग. तिथनं पुढं दुकानदारानं नाही म्हटलंच नाही.

हेडचे बोल्ट मी एका टोकाकडनं आवळत आले होते. तुम्ही रविवारी जेवायला म्हणून सोनतळीला आलात, हात धुतला, हेड बघितलं आणि सगळे ढिले करायला लावलेत. मधनं सुरू करून बाहेर, तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्यानं. मटण गार झालं आणि आई माझ्यावर चिडली, तुमच्यावर नाही.

मला मोठं इंजिन बसवायचं होतं, सगळे बसवतात म्हणून. तुम्ही स्पष्ट सांगितलं आरसी बुकात जे आहे तेच राहू दे, १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ५२ आहे, परवानगीशिवाय बदल केलास तर पासिंगला अडकशील. तेव्हा मला राग आला होता, आता नाही. त्याऐवजी जो बदल तुम्ही सुचवला तो मला सगळ्यात आवडतो. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरच्या डब्याच्या) ब्रीदरला, म्हणजे हवा जायच्या भोकाला, रबरी नळी लावून ती हौद्याच्या मागनं वर, केबिनच्या काचेपर्यंत नेली. कारण गरम डिफरन्शियल पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधनं पाणी ओढून घेते, आमचं ऑइल दुधासारखं पांढरं झालेलं ते असंच. ८० रुपयांची नळी. चिखलीच्या रस्त्यावर पाणी परत येणारच आहे, तेव्हा ती तिथं असंल.

हौद्याला नवा चेकर्ड पत्रा, मागच्या फाळक्याच्या (हौद्याच्या उघडणाऱ्या फळीच्या) बिजागऱ्या तुमच्या लेथवरच्या, रंग जुनाच पांढरा, डेंटिंगची लांबी (पुट्टी) मी स्वतः घासली. तुम्ही लेथकामाचे जेवढे झाले तेवढेच पैसे घेतलेत. सव्वा वर्ष दर शनिवारी संध्याकाळी मला जो वेळ दिलात त्याचा विषय काढला की लेथ चालू. तो वेळ तुमच्या घरच्यांचा होता मामा, काकूंना पण माझा नमस्कार आणि आभार सांगा, त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही आणि प्रत्येक वेळी मला खायला घातलं.

बुधवारी गाडी घेऊनच येते. हौद्यात गुळाचे दोन रवे (ढेपा) आहेत, नाही म्हणायचं नाही. तुमचं मायक्रोमीटर पण आणते, पुसून ऑइल लावून डबीत ठेवलंय. आणि चाळीसच्या स्पीडला मागनं बारीक घूं असा आवाज येतोय, बाबा म्हणतात डिफरन्शियल, मला वाटतंय चाकाचं बेअरिंग. अजून काही खोललेलं नाही, तुम्ही ऐकल्याशिवाय खोलणार पण नाही.

तुमची,
सोनतळीची पोरगी